दूध आणायला गेलेला गडी

जगातल्या कुठल्याही लेखकाला आपलं पुस्तक लिहून संपलं असं वाटत असेल, तर ते अजून आमच्या शेजारच्या मावशीच्या हाती पडलेलं नाही, असं खुशाल समजावं. भलेभले तिच्यापुढे उघडे पडले. ज्यांच्या नावानं सभागृहं भरत, त्यांच्या कादंबऱ्या मावशीनं दोन बोटांत धरून माझ्या टेबलावर ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत आणि वर, "बरो लिवता, पण विसराळू आसा," हा शेराही ऐकला आहे.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर तिची आणि आमची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, नातं म्हणाल तर एवढंच. पण मला वाढवलं ते त्या भिंतीपलीकडून. मी सहा वर्षांचा असताना माझी आई छातीच्या दुखण्यानं आजारी पडली आणि हवापालटासाठी बोटीनं गावी गेली. धक्क्यावर तिनं हात हलवला, तेवढंच मला आठवतं. ती परत आली नाही. वडील आधी म्हणत, बरी होऊन येईल. मग ते काहीच म्हणेनासे झाले आणि मीही विचारायचं सोडून दिलं. तेव्हापासून माझी ताटली मावशीच्या घरी, माझ्या सदऱ्याची बटणं मावशीच्या हातची. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती. म्हणून आज लिहून दाखवतो आहे.

मावशी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. फिरणाऱ्या बाबिनींवर दिवसभर नजर ठेवायची आणि सूत तुटलं की दोन टोकं पकडून झटकन गाठ मारायची, हे तिचं काम. गाठही अशी, की पुढे कापडावरून हात फिरवणाऱ्याला ती लागता कामा नये. खात्यातली नायकीण इतर बायकांना मावशीची गाठ नेऊन दाखवत असे. वीस वर्षं हे केल्यावर कुठलंही तुटलेलं टोक लोंबताना तिला बघवेनासं झालं. आणि त्यातच तिला वाचायचा नाद लागला. तिशी उलटल्यावर ती बायकांच्या साक्षरता वर्गात जाऊन अक्षरं शिकली. या वयात हे कशासाठी, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "घड्याळ बघूक." घड्याळ तिच्या घरात नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मॅट्रिक होऊन मी फोर्टात कारकून झालो होतो आणि संध्याकाळी चाळीच्या तळमजल्यावरचं मोफत वाचनालय सांभाळत होतो. बाहेरच्या भिंतीवर चळवळीची पत्रकं, आत दोन कपाटं, एक टेबल आणि अध्यक्ष म्हणून निवृत्त इतिहास-शिक्षक गुरुजी. मावशी गिरणीतून आली, चहा झाला, की पदरानं हात पुसत खाली येई आणि कपाटात हाताला लागेल ते पुस्तक घेऊन जाई. कादंबरी असो, प्रवासवर्णन असो, पाककृती असोत की कविता, तिला सारखंच. घरी गेल्यावर ती ते मोठ्यानं वाची आणि काका, म्हणजे तिचे यजमान, भिंतीला टेकून ऐकत. काका जन्माचे अबोल. त्यांना स्वयंपाकही एकच येई, भात आणि करपलेली सुकट. लहानपणी कधीतरी तीन-चार आठवडे मी तोच जेवलो होतो, त्याचा वास अजून नाकात आहे.

एके दिवशी मावशीनं एक जाडजूड सामाजिक कादंबरी परत आणली आणि टेबलावर हात ठेवून उभी राहिली.

"मेल्या, साठाव्या पानार ह्येंनी गड्याक दूध आणूक धाडल्यानी. तो खय रवलो?"

मी म्हटलं, "मावशी, गोष्ट नायिकेच्या लग्नाची आहे. गडी कशाला हवाय?"

"लग्न झाला, बारसा झाला, म्हातारो मेलो. दूध काय इला नाय. माणसाक दाराभायर धाडलास, तर त्येका परत घरात घेवची जबाबदारी कोणाची?"

तिला उत्तर नको होतंच. पुस्तक उघडून पाहिलं, तर साठाव्या पानावर एक चिठी होती. वहीच्या कागदाचा तुकडा, त्यावर साक्षरता वर्गातली टपोरी अक्षरं आणि चक्क छापील भाषा, कारण पुस्तकात पुस्तकासारखंच बोलावं असा तिचा दंडक होता: "गडी दूध घेऊन परत आला. वाटेत गावचा माणूस भेटल्यामुळे त्यास उशीर झाला. दूध नासले नव्हते."

मग चिठ्यांना ऊत आला. युरोपच्या प्रवासवर्णनात लेखकाची पेटी कुठल्याशा बंदरात हरवली आणि पुढची दोनशे पानं तो खुशाल राजवाडे बघत हिंडला. तिथं चिठी: "पेटी सापडली. आतील कपडे कोरडे होते." रहस्यकथेत खून झालेल्या सावकाराचा कुत्रा पहिल्या प्रकरणात भुंकून दुसऱ्यात गायब. तिथं चिठी: "कुत्रा शेजाऱ्यांनी ठेवून घेतला." पाककृतींच्या पुस्तकात जिथं जिथं चार माणसांसाठी असं छापलं होतं, तिथं तिथं पाचवा आला तर काय करायचं, ते तिनं लिहून ठेवलं. फक्त कवितेपुढे तिनं हात टेकले. प्रत्येक पानावर एक तरुण कुणाची तरी वाट बघतोय, हे पाहून तिनं तो संग्रह दुसऱ्याच दिवशी आणून दिला. "ह्यो कामार कधी जाता?" एवढाच तिचा प्रश्न होता.

गुरुजींना हे कळलं तेव्हा ते संतापले. ग्रंथात परकं लिखाण म्हणजे भ्रष्टाचार, असं त्यांनी कार्यकारिणीपुढे सांगितलं आणि सगळ्या चिठ्या माझ्याकडून काढून घेऊन टेबलाच्या खणात कुलूपबंद केल्या. तक्रार केली ती वाचकांनी. पंधरा दिवसांत सात-आठ जण कादंबरी हातात घेऊन विचारायला आले, की चिठी कुठाय? ट्रामवरचे एक कंडक्टर तर म्हणाले, "आमच्या मिसेसला सांगितलंय मी, गडी परत येतो म्हणून. आता तिला काय तोंड दाखवू?" शेवटी गुरुजींनी स्वतः खण उघडला. चिठ्या मला देताना त्यांतली एक त्यांनी मागे ठेवली. ती ऐतिहासिक कादंबरीतली होती. नायक गडाच्या कड्यावरून दोरानं उतरून निसटतो आणि घोडा वर बांधलेलाच राहतो. मावशीनं लिहिलं होतं, "घोडा मावळ्यांनी सोडला व पाणी पाजले." तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या गुरुजींनी ती चिठी चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "घोड्याचं बरं केलं हो बाईंनी." आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं जागेवर ठेवली.

चळवळीलाही मावशीनं सोडलं नाही. मोर्च्यात ती बायकांच्या पहिल्या रांगेत असायची, घोषणा देताना तिचा आवाज नाक्यापर्यंत जायचा. पण भाषणं ती पुस्तकासारखी ऐकायची. एकदा परळच्या मैदानावर एका पुढाऱ्यांनी सुरुवात केली, की आज सभेला येताना वाटेत मला एक म्हातारी भेटली, डोक्यावर लाकडाची मोळी होती. तिथून ते जे दिल्लीला गेले ते तासाभरानं टाळ्यांच्या कडकडाटातच थांबले. लोक पांगू लागले आणि मावशी गर्दीतून वाट काढत थेट व्यासपीठाशी. "साहेब, त्या म्हातारेचा पुढे काय झाला?" पुढारी गडबडले. आठवड्यानंतर लालबागच्या सभेत त्यांनी म्हातारीची मोळी आपल्या कार्यकर्त्यानं घरापर्यंत पोचवली, असं आवर्जून सांगितलं. खरं-खोटं तेच जाणोत. मावशीनं मात्र मान डोलावली.

संचारबंदीत वाचनालय बंद पडलं, तेव्हा तिच्याजवळ ग्रहताऱ्यांवरचं एक पुस्तक अडकलं होतं. ते तिनं तीनदा वाचलं आणि परत देताना त्यात एकही चिठी नव्हती. मला वाटलं, समजलं नसावं.

"समाजला तर! हेच्यासारखा पुस्तक तुझ्या कपाटात नाय. कोण वाट चुकणा नाय. सगळे आपापल्या टायमाक परत येतत. तो शेपटीवालो तारोसुद्धा येता, उशिरान कायना!"

तिचा जाहीर आनंद मी तेवढाच पाहिला. पुढे राज्य मिळालं, चाळीत पणत्या लागल्या, पेढे वाटले गेले, काकासुद्धा दोन वाक्यं बोलले. मावशीनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "ग्वाड आसा. पण बेळगाव खय इला अजून?"

त्याच साली माझी कादंबरी निघाली. गिरगावातल्या एका छोट्या प्रकाशकानं काढली होती. चाळीतलं एक पोर मोठं होऊन कारकून होतं, एवढीच गोष्ट. तिसऱ्या प्रकरणात त्याची आई बोटीत बसते आणि धक्क्याकडे बघून हात हलवते. पुढं तिचं नाव नाही. मला तिथून पुढं लिहिताच आलं नव्हतं. वडिलांना विचारावं असं दहादा मनात आलं होतं, पण धीर झाला नाही, आणि आदल्याच वर्षी ते गेले. म्हणून मी ते प्रकरण तिथंच सोडून दिलं. वाचकांच्या लक्षात येणार नाही, अशी मनाची समजूत घातली. एक वाचक सोडून.

पुस्तक कपाटात ठेवल्याबरोबर मावशीनं नेलं. इतर पुस्तकं ती तीन दिवसांत परत करी, हे पंधरा दिवस ठेवलं. भिंतीपलीकडून मोठ्यानं वाचल्याचा आवाजही येईना. माझी झोप उडाली. सोळाव्या दिवशी संध्याकाळी ती खाली आली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि या टेबलापाशी पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसली.

"मी ह्येच्यात चिठी घालूक नाय," ती म्हणाली. "आवशीक बोटीत बसवलंस, तिका उतरवूक इसारलंस."

"विसरलो नाही, मावशी. मला माहीतच नाही."

"माका म्हायत आसा. मी होतंय त्या बोटीत."

ती पदराचं टोक बोटांना गुंडाळत होती. "मीच नेलंय तिका. तुझ्या बापाशीन शपथ घातल्यान हुती, पोराक सांगू नको म्हणान. आता तो नाय. आणि तू आपणच तिका पुस्तकात आणलंस. मगे तशीच बोटीत ठेवची?"

मग तिनं सांगितलं. आई डेकवर मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून निजली होती. तिच्या बोचक्यात चुकून माझी अंकलिपी आली होती. ती तिनं मावशीच्या हातात दिली आणि म्हणाली, वाच गो, माझो झील ह्या वाचता. "माका खय येय होता वाचूक! दोघीजणी चित्रां बघीत बसलंव." बोट लांब उभी राहिली, उतारूंना पडावात उतरवायला लागले, तेव्हा खलाशी म्हणाला, बाईंना उचलून घेतो. आईनं ऐकलं नाही. आपल्या पायांनी उतरली. बंदरावर बसून पाणी प्याली. दिवेलागणीची वेळ होती. "माका इचारल्यान, झील जेवलो असतलो मां गो?" त्यानंतर माहेरच्या घरात ती अकरा दिवस होती. मावशी तिच्यापाशीच होती. सगळं आटोपून ती मुंबईला आली आणि त्याच आठवड्यात साक्षरता वर्गात तिनं नाव घातलं.

मी टेबलाशी बसून रडलो. समोर दोन वाचक वर्तमानपत्र वाचत होते, त्यांची लाज वाटली नाही.

"चिठी लिहून दे, मावशी," मी शेवटी म्हटलं.

"ती तू लिव. पुस्तक तुझा, आवस तुझी."

मी वहीचं पान फाडलं. आई बंदरावर आपल्या पायांनी उतरली, पाणी प्याली, पोरगा जेवला असेल का, असं तिनं विचारलं, हे सगळं लिहिलं. मावशी उलट्या बाजूनं अक्षरं लावत वाचत होती. लिहून झालं असं वाटून मी दौत बाजूला केली. तिनं ती परत माझ्यापुढे सरकवली.

"तिना इचारल्यान तेचा काय? जेवललंस काय नाय?"

तेव्हा मला करपलेल्या सुकटीचा वास आला. मावशी घरात नव्हती ते तीन-चार आठवडे, आणि मला समोर बसवून न बोलता भात कालवून देणारे काका. तुटलेल्या सुताचं एक टोक मावशीजवळ होतं, दुसरं इतकी वर्षं माझ्याजवळच होतं.

मावशीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. काका तिच्या मागोमाग गेले. वाचनालयाच्या खोलीत आता कुठलंसं गोदाम आहे. कपाटं मोडीत निघाली, तेव्हा माझ्या कादंबरीची ती प्रत मी मागून घेतली. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी ती चिठी अजून आहे. कागद पिवळा पडला आहे, पण मावशीनं सांगितल्यावर खाली घातलेली माझी शेवटची ओळ स्वच्छ वाचता येते: पोरगा पोटभर जेवला होता.