गिळलेला खोकला

शमुवेल हिवाळे हा माणूस प्रवचन दिल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही, असं कल्याणच्या रेल्वे चाळीत म्हणायचे. त्यात थट्टा होती, पण खोटं फारसं नव्हतं. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी तो नगरकडून आला आणि इंजिनांच्या शेडमध्ये फिटर म्हणून लागला. रुळांपलीकडचं मोकळं पटांगण दिसलं आणि त्याच्या अंगातला जुना हुतूतूवाला जागा झाला. थोड्याच दिवसांत त्याने चाळींतली आणि खाडीकडच्या गावांतली पोरं गोळा केली. रविवारी सकाळी चर्च, बाकीच्या दिवशी कामावरून सुटला की पटांगण. दोन्हीकडे त्याचं प्रवचन तेच.

खेळाआधी पोरांना रांगेत उभं करून प्रार्थना, मग धडा. पोरं सगळी हिंदू. ती डोळे मिटायची, एकमेकांना चिमटे काढायची आणि ‘आमेन’ मात्र खच्चून म्हणायची, कारण त्यानंतर खेळ सुरू व्हायचा. हिवाळेला हे कळत नव्हतं असं नाही. कानावर तर पडतंय ना, एवढ्यावर तो खूश होता.

धडे तसे वाईट नव्हते. पंचाला दिसलं नाही तरी हात लागला असेल तर आपण होऊन बाहेर जायचं, हा एक. बाद झालेला गडी बाजूला बसतो, तो संपलेला नसतो, आपला कोणीतरी आत जाऊन समोरचा गडी मारतो आणि मग हा उठून पुन्हा खेळात येतो, हा दुसरा. “स्वतःच्या बळावर कोणी उठत नाही, पोरांनो,” हिवाळे सांगायचा. “प्रभूनेही आपल्याला असंच उठवलंय.”

पण हा दुसरा धडा तो घाईत उरकायचा. त्याचा खरा जीव तिसऱ्यावर. दम! समोरच्यांच्या अंगणात शिरायचं आणि एका श्वासात ‘हुतूतू’ घुमवत परत यायचं. मध्ये तुटला की बाद. “विश्वासाचंही तसंच. तुटला की गेला,” असं तो म्हणायचा आणि लगेच पोरांना खोकला गिळायला शिकवायचा. धुळीत घसा खवखवला की जीभ टाळूला दाबायची, लाळ गिळायची, छाती हलू द्यायची नाही. ही युक्ती त्याला नगरला त्याच्या उस्तादाने दिली होती. खोकला गिळता येत नाही तो गडी कसला, असं त्याच्या संघात सगळेच मानायचे.

ही विद्या सगळ्यांत छान साधली ती काळुरामला. काळुराम खाडीकाठच्या आगरी वस्तीतला. बाप लहानपणीच गेलेला, आई कमळाबाई मिठागरावर कामाला. तो स्वतः बाजारात तांदळाची पोती वाहायचा. अंगाने सडपातळ, पण आत शिरला की त्याचा दम संपतच नसे. समोरचे सात जण त्याच्या आवाजालाच कंटाळायचे.

मास्तर ख्रिस्ती आहे हे कळल्यावर कमळाबाई एकदा तडक पटांगणावर आली होती.

“मास्तर, माज्या पोऱ्याचा देव बदलू नका हां. बाकी हातपाय मोडलं तरी चालंल.”

पोरं हसली. हिवाळेही हसला. “तुमचा देव तुमच्यापाशीच राहू दे, कमळाबाई. मला फक्त त्याचा दम पाहिजे.”

तेव्हा हे बोलणं सगळ्यांना मोठं गमतीचं वाटलं होतं.

चार-पाच वर्षांनी संघ ठाण्याच्या ढालीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला. त्याआधीच्या रविवारी काळुराम रेषा आखायच्या फक्कीची बादली द्यायला हिवाळेच्या घरी आला. हिवाळेची बायको मार्था लग्नाआधी मिशनच्या दवाखान्यात कामाला होती. चहाचा कप देताना त्याच्या मनगटाला हात लागला तसा तिने तो तिथेच ठेवला. तो गेल्यावर तिने नवऱ्याला गाठलं.

“अहो, त्या पोराला ताप आहे. रोजचाच दिसतोय. गाल बघितलेत का त्याचे?”

“उन्हात पोती वाहतो तो. गाल लाल होणारच.”

“पोती वाहणारे सगळेच असे वाळत नाहीत. मी असे गाल पुष्कळ पाहिलेत. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे न्या.”

“सामना होऊ दे. मग नेतो.”

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने पटांगणावर काळुरामला बाजूला घेतलं. “काय रे, खोकला येतो का तुला?”

काळुरामच्या गळ्याची घाटी खाली गेली, वर आली. “नाय मास्तर.”

हिवाळेला हायसं वाटलं. ती घाटी त्याने पाहिली होती. तिचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळणार? त्यानेच तर ते गिळणं शिकवलं होतं. पण त्याला ‘नाही’ हेच उत्तर हवं होतं, ते मिळालं, आणि त्याने जास्त विचारलं नाही. माणूस देवाचं नाव घेऊनही स्वतःला किती सहज फसवतो!

ठाण्याला तलावाजवळच्या मैदानावर माणसांची ही गर्दी. शेवटी शेवटी काळुराम आत शिरला तेव्हा कल्याणचे चार गडी बाहेर बसलेले होते. त्याने एकाला मारलं, दुसऱ्याला मारलं आणि तो मागे वळला. तेवढ्यात दोघांनी त्याचा पाय धरला. तो पडला, सरपटला. ‘हुतूतू’ बारीक झाला, घोगरा झाला, पण तुटला नाही. बोटं रेषेला लागली आणि पंचाची शिट्टी वाजली. हिवाळे लहान मुलासारखा नाचला. ढाल कल्याणची!

पोरं खांद्यावर घ्यायला धावली, तर काळुराम ओठ घट्ट मिटून चिंचेच्या झाडामागे निघालेला. हिवाळे पाठ थोपटायला त्याच्या मागे गेला. काळुराम झाडाला धरून वाकला होता आणि त्याच्या तोंडातून रक्त पडत होतं. थोडंथोडकं नाही. बुंध्याजवळची माती भिजली होती.

“दम नाय तुटला ना मास्तर?” त्याने तोंड पुसत विचारलं.

हिवाळेने त्याला दोन्ही हातांनी सावरलं.

कल्याणच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि हिवाळेलाच झापलं. क्षय होता, दोन्ही बाजूंना पसरलेला. सहा महिने आधी आणला असता तर गोष्ट वेगळी होती, म्हणाले. सुया सुरू झाल्या. इस्पितळातली खाट रिकामी व्हायची वाट बघायची ठरली. वस्तीतल्या लोकांनी कमळाबाईच्या अंगणात पाऊल टाकणं बंद केलं. घरात राहिली ती, काळुराम आणि आईबाप गेल्यापासून त्यांच्याकडेच वाढलेला चुलत भाऊ रघू, तोही हिवाळेच्याच पोरांतला.

हिवाळेने चर्चला जाणं सोडलं. रविवारी सकाळी तो अंडी आणि दूध घेऊन काळुरामकडे जायचा. मार्थाने सांगितलं तसं तोंडाला फडकं बांधून दाराशी बसायचा, सामन्यांच्या आठवणी काढायचा. काळुराम ऐकायचा, हसायचा. खोकायचा मात्र नाही. हिवाळेच्या मनाने घेतलं की औषध लागू पडतंय. तसं तो मार्थाला सांगायचा आणि ती त्याचं फडकं उकळायला टाकायची.

एका रविवारी कमळाबाईने त्याला कुंपणापाशीच अडवलं.

“मास्तर, तुमी येऊ नका आता.”

“का? माझं काही चुकलं?”

“तुमी असलात का पोर खोकत नाय. गिलून टाकतो सगला. तुमी गेलात का मंग एकदम येतं, रगत येतं, काला-निला परतो. तुमाला वाईट वाटंल म्हनून करतो. मी सांगितला त्याला, खोक रे बाबा. ऐकत नाय. बोलतो, मास्तर बघतान.” तिने पदर तोंडाला लावला. “त्याचा दम पायजे बोललं होतं ना तुमी? घेतलाव ना? आता पुरे.”

हिवाळे दुधाचा तांब्या हातात धरून उभा राहिला. आयुष्यभर जो धडा त्याने मन लावून शिकवला, तोच त्या पोराच्या छातीवर बसला होता. आणि जो दुसरा धडा त्याला उठवू शकला असता, तो हिवाळेने दरवेळी घाईत उरकला होता. बाहेर बसण्यात कमीपणा नाही, हे त्याच्या एकाही पोराला खरं वाटलं नव्हतं, कारण ते त्याचं त्यालाच खरं वाटत नव्हतं.

“एकदाच आत जाऊ द्या,” तो म्हणाला. “शेवटचं.”

या वेळी तो दाराशी बसला नाही. थेट काळुरामच्या उशाशी गेला आणि त्याची पाठ आपल्या हाताने धरली. नुसती हाडं लागत होती.

“काळू, खोक.”

काळुरामने मान हलवली. गळ्याची घाटी खाली गेली.

“गिळू नकोस रे. मी चुकीचं शिकवलं तुला. दम तोड. मीच सांगतोय.”

“बाद होईन ना,” काळुराम कसाबसा पुटपुटला.

“हो बाळा. बाद झालास तर बाहेर बस. तुझ्याजवळ मी बसतो.”

काळुराम त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने जीभ सैल सोडली. जे आलं ते हिवाळेने आपल्या धोतरावर घेतलं, आणि ते ओसरेपर्यंत त्याची पाठ धरून ठेवली. त्याला प्रार्थना करायची होती, पण एकही शब्द आठवेना. तो रडत होता आणि ते त्याने लपवलं नाही.

पुढच्या रविवारच्या आत काळुराम गेला. इस्पितळातून खाट रिकामी झाल्याचा निरोप नंतर आला.

हिवाळे पटांगणावर आला तेव्हा पोरं सवयीने रांगेत उभी राहिली आणि डोळे मिटून धड्याची वाट बघू लागली. त्याच्याकडे धडा नव्हता. त्याने सगळ्यांना सदरे काढायला लावले.

“आज प्रार्थना नाही. मी पाठीला कान लावीन, तेव्हा एकेकाने खोकायचं. मोठ्याने. ज्याला खोकला असेल त्याने बाहेर बसायचं. त्याची जागा कुठे जात नाही.”

पोरं आधी हसली, मग त्याचा चेहरा बघून पाठ करून उभी राहिली. हिवाळे एकेका उघड्या पाठीला कान लावत, गुडघे टेकत, उठत पुढे सरकला. गणू खोकला. दगडू खोकला. तानाजी उगाच घसा फाडून खोकला.

रांगेच्या टोकाला रघू उभा होता. त्याचे गाल लाल होते.

“खोक,” हिवाळे म्हणाला.

रघूने ओठ मिटले. गळ्याची घाटी खाली गेली, वर आली.

“मला खोकला नाय मास्तर,” तो म्हणाला.

हिवाळेने त्याचं मनगट धरलं. ते तापलेलं होतं. मग कुणाशी एक शब्द न बोलता, मनगट न सोडता, तो त्याला घेऊन डॉक्टरकडे निघाला.