रिपीट रजिस्टरमधला माझा कोरा रकाना

आमच्या विभागप्रमुख डॉ. बापटांनी दोन्ही फिल्म लाइट बॉक्सवर शेजारी-शेजारी लावल्या आणि कोपऱ्यातल्या अक्षरावर पेन टेकवलं. "यह किसने लिखा है?"

सोमवारची सकाळ होती. एक्स-रे विभागाबाहेर रांग लागली होती आणि रांगेच्या तोंडाशी व्हीलचेअरवर मानपूरचे कैलाशजी बसले होते. हायवेवर त्यांचं टायरचं दुकान. गेल्या गुरुवारी ते शिडीवरून पडले ते थेट दोन्ही टाचांवर. एक टाच तडकली, दुसरीला नुसता मुका मार. आम्ही एक्स-रे काढले, प्लास्टर झालं, ते घरी गेले. चार दिवसांत परत आले, कारण तडकलेली टाच होती डावी आणि प्लास्टर होतं उजव्या पायाला.

"मेरी लिखाई है, साहब," डार्करूममधले यादवजी म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. मी काही बोलले नाही.

आता नीट सांगते. मी हिवाळे. इंदूरच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होते, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव नको. मी सांगतेय ते कॉम्प्युटरच्या आधीचं, फिल्म आणि डार्करूमचं. लाल बल्ब, फिल्म धुवायच्या हायपोचा आंबूस वास, हँगरला लटकवलेल्या ओल्या फिल्म. तो वास साडीला लागायचा आणि धुऊनही जायचा नाही. आमचे हे म्हणायचे, तू घरात आलीस की माझी पाठ असली तरी मला कळतं. आज कुठे फोटोच्या जुन्या दुकानात तसा वास आला की मी उगाचच दोन मिनिटं थांबते.

एक्स-रेत उजवं-डावं ओळखायला आम्ही शिशाची अक्षरं वापरायचो. आर म्हणजे राइट, एल म्हणजे लेफ्ट. ती फिल्मच्या डब्यावर चिकटवायची, म्हणजे फोटोतच उमटतात. मग कोणी हलवू शकत नाही. अक्षर लावायचं राहिलं तर फिल्म वाळल्यावर कोपऱ्यात शाईने लिहायचं. ते चालतं, पण बरं नाही.

दुसरी गोष्ट रिपीट रजिस्टरची. फिल्म बिघडली, पेशंट हलला, अक्षर चुकलं, की एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. तो कोणाच्या चुकीने, ते नावानिशी लिहायचं. सगळ्यांच्या नावापुढे नोंदी होत्या. माझा रकाना कोरा. नवीन डॉक्टर आला की सिनिअर त्याला ते पान दाखवायचे, आणि मी आपली काही ऐकूच आलं नाही अशी फिल्मचे डबे पुसत राहायची. ऐकू सगळं यायचं.

आणि तिसरी गोष्ट आमची घरप्रार्थना. आम्ही मराठी ख्रिस्ती. सासरे नगरकडून इंदूरला मिलमध्ये आले ते इथलेच झाले. दर गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी आमची मंडळी जमायची. दरी म्हणजे सतरंजी अंथरायची, ढोलकी निघायची, गायन, वचन, प्रार्थना. मग साक्ष. साक्ष म्हणजे एकेकाने उठून सांगायचं की प्रभूने माझ्यासाठी काय केलं. शेवटी पोहे, वर शेव आणि जिरावण मसाला, आणि चहा. ती माणसं आठवली की आजही मला भरून येतं. निम्मी आता मातीआड आहेत.

माझी साक्ष सगळ्यांना आवडायची. दर दोन-तीन महिन्यांनी मी उठायची आणि सांगायची की माझं काही नाही, मी तर मातीचं भांडं, पण प्रभूने माझे हात असे धरले आहेत की इतक्या वर्षांत माझ्या नावावर एकही रिपीट नाही. बायका आमेन म्हणायच्या. मी खाली मान घालून बसायची. मान खाली होती, पण आत काय चाललं होतं ते प्रभूला आणि मला माहीत होतं, आणि मी प्रभूकडे बघत नव्हते.

तर तो गुरुवार. घरप्रार्थना स्नेहलतागंजला होती आणि साक्ष माझी होती. पाच वाजता निघायचं होतं. पावणेपाचला कैलाशजींना आणलं. शिशाची अक्षरं पलीकडच्या टेबलावर होती. चार पावलं. मी म्हटलं, जाऊ दे, शाईने लिहू.

माझी सवय पहिला उजवा पाय, मग डावा. तीस वर्षांत बदलली नाही. पण कैलाशजी कण्हत म्हणाले, मैडम, पहले बायाँ कर दो, वो ज्यादा दुखता है. मी डावा आधी केला. मग दोन्ही डबे डार्करूमच्या खिडकीतून आत सरकवले, यादवजींना सांगितलं, "पहला राइट, दूसरा लेफ्ट," आणि पर्स उचलली. सवयीने सांगितलं. डोकं स्नेहलतागंजला पोचलेलं होतं. यादवजींनी मी सांगितलं तसं लिहिलं.

प्लास्टर घालताना कैलाशजी ड्यूटीवरच्या डॉक्टरला म्हणत होते म्हणे की डावा जास्त दुखतोय. डॉक्टर म्हणाला, फिल्म झूठ थोड़ी बोलती है.

त्या वेळी मी उभी राहून साक्ष देत होते.

परत त्या सोमवारी येते. बापट सरांनी विचारलं, आणि यादवजी स्वतःच म्हणाले, "हैंगर पे टाँगते समय मेरे से अदला-बदली हो गई होगी, साहब." त्यांना खरंच तसं वाटत होतं. डार्करूममध्ये दोन ओल्या फिल्म, लाल उजेड, होऊ शकतं. मलाच तेवढं माहीत होतं की तसं झालं नाही. कैलाशजींचं ते 'पहले बायाँ' मला लाइट बॉक्ससमोर उभं राहिल्या राहिल्या आठवलं होतं.

बापट सर वाईट नव्हते, कडक होते. त्यांनी रजिस्टर काढलं, यादवजींच्या नावापुढे नोंद केली आणि म्हणाले, कन्फर्मेशनची फाइल या वेळी पुढे पाठवत नाही.

हे काय होतं ते सांगायला हवं. यादवजी सात वर्षं टेंपररी होते. रोज गौतमपुऱ्याहून बस, रोज परत. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान, केस पांढरे व्हायला लागलेले. पक्के झाले की हॉस्पिटलचं क्वार्टर मिळणार होतं आणि मुलीला इंदूरच्या शाळेत घालणार होते. तिच्या ॲडमिशनचा फॉर्म त्यांच्या डब्याच्या पिशवीत असायचा. डबा काढला की तोही बाहेर यायचा.

मी आठ दिवस गप्प राहिले. त्या आठ दिवसांत मी काय केलं नाही ते विचारा. यादवजींसाठी प्रार्थना केली. प्रभू, त्यांची फाइल पुढे जाऊ दे, म्हटलं. वा रे वा. फाइल अडवून बसले होते मी आणि हटवायला सांगत होते देवाला. मग उपवास धरला. तोंड उघडायचं काम होतं, आणि मी ते खाण्यापुरतंसुद्धा बंद केलं. यादवजींना घरून शंकरपाळे नेऊन दिले. त्यांनी बिचाऱ्यांनी आशीर्वाद दिला.

मनात वकील बसला होता. तो म्हणायचा, पेशंटचं प्लास्टर बदललंय, तो बरा होईल. यादवजींच्या नावावर आधीच नोंदी आहेत, एक वाढली तर काय? तुझा रकाना गेला तर साक्षही जाईल, मग प्रभूचंच नाव खाली जाईल. हा शेवटचा मुद्दा मला फार पटला. मीपणा इतका हुशार असतो की प्रभूच्या नावाची काळजीसुद्धा तोच करतो.

त्या आठवड्यातल्या घरप्रार्थनेला मी सर्दीचं निमित्त करून गेले नाही. पुढच्या गुरुवारची बैठक आमच्याच घरी होती. पळायला जागा नव्हती. दिवसभर आत नुसती कुस्ती चालली होती. संध्याकाळी गायन संपलं, पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी उठले.

सगळं सांगितलं. चार पावलं, पर्स, पहला राइट, सगळं. सांगताना रडले. मंडळी रडली. पाळकसाहेब म्हणाले, असं स्वतःला मोडणं सोपं नाही, ही खरी साक्ष. एकीने मिठी मारली आणि म्हणाली, हिवाळेबाई, तुमच्याएवढी नम्रता आम्हाला कधी येणार? मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. त्या संध्याकाळी मी पोहे दोनदा घेतले.

मंडळी गेली. आमचे हे मोरीत कप विसळत होते. हे फार बोलणारे नव्हते. लेथवर काम केलेला माणूस, मोजूनच बोलायचे. पाठमोरेच म्हणाले, "यादवजी आले होते का गं आज?"

मी म्हटलं, ते कशाला येतील? ते आपल्या मंडळीतले थोडेच आहेत?

"नाही, म्हटलं, एवढी माफी मागितलीस. कोणाची, ते बघत होतो."

मला इतका राग आला. मी ताडकन म्हटलं, तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. त्यांनी शेवटचा कप पालथा घातला आणि हात पुसले. ते बरोबर होते म्हणूनच राग आला होता. मी माझी चूकसुद्धा अशा ठिकाणी उघडी केली होती जिथे तिचं कौतुक होणार होतं. रकाना गेला तर गेला, त्याच्या बदल्यात मी नम्रता पदरात पाडून घेतली होती. मीपणा मेला म्हणून आम्ही सगळे रडलो आणि तो आमच्यात बसून पोहे खात होता.

शुक्रवारी सकाळी कामावर जाताच बापट सरांच्या खोलीत गेले. आदल्या दिवशीचं एकही चांगलं वाक्य आठवेना. म्हटलं, "सर, कैलाशजींच्या फिल्मचा क्रम मी चुकीचा सांगितला. यादवजींनी मी सांगितलं तसंच लिहिलं होतं."

ते म्हणाले, "कधी लक्षात आलं?"

"तेव्हाच. तुमच्यासमोर."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "लिहा. आणि यादवांना तुम्ही सांगा, मी सांगणार नाही. पक्कं करायची कमिटी परवाच झाली, बाई. आता पुढची सहा महिन्यांनी."

हे मी धरलंच नव्हतं. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशी नव्हतं.

यादवजी डार्करूममध्ये होते. मी आत जाऊन दार लावलं. त्या लाल उजेडात माझं तोंड नीट दिसणार नाही म्हणून मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? मी सांगितलं. कमिटीचंही सांगितलं. माफ करा म्हटलं. ते हँगर हलवत राहिले. हँगरवर चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या, प्रत्येकावर नंबर. हे नवीन होतं.

"मैडम," ते म्हणाले, "इतने दिन से मैं एक-एक फिल्म तीन-तीन बार देखता हूँ. घर पे भी हाथ को देखता रहता हूँ, कि ये हाथ ऐसी गलती कैसे कर गए. फाइल तो फाइल है. आपने मेरे को मेरे ही हाथ से डरा दिया."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "आप बाहर जाइए, फिल्म निकालनी है." मी बाहेर आले. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

कैलाशजींना प्लास्टर काढायला आले तेव्हा सांगितलं. ते हसले. मैं तो पहले ही बोल रहा था बायाँ, म्हणाले, आणि पाय टेकवून बघितला. टाच जुळली होती. मला मेमो मिळाला. यादवजी सहा महिन्यांनी पक्के झाले, क्वार्टर मिळालं, पण मुलीचं इंदूरच्या शाळेचं ते वर्ष गेलं ते गेलंच. ते दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलले. मग एक दिवस स्वतःच्या चहाबरोबर माझाही सांगितला. मी तो गार होईपर्यंत नुसता धरून बसले होते.

आता हे नाहीत. बापट सरही नाहीत. ती डार्करूम मोडून तिथे रिपोर्ट वाटायची खिडकी केली आहे. आमच्या घरप्रार्थनेत मी हा प्रसंग पुष्कळदा सांगितला, आणि माझ्या लक्षात आलंय की दर वेळी मी त्यात थोडी थोडी चांगली होत जाते. म्हणून या वेळी लिहून झाल्यावर यादवजींना फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. मी मराठीत वाचत होते, अडलं तिथे हिंदीत सांगत होते.

शेवटी म्हणाले, "सब ठीक है मैडम. बस, आठ दिन नहीं थे. ग्यारह थे."

मी बोटांवर मोजले. सोमवार ते पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. अकराच होतात. इतकी वर्षं मी आठ सांगत आले, आणि शपथेवर सांगते, मला ते आठच वाटत होते.

वर लिहिलेले आठ मी खोडलेले नाहीत, राहू देत. साक्ष द्यायची असेल तर ज्याचं नुकसान झालं त्याला आधी ऐकवावी. दिवस त्याने मोजलेले असतात.