कुंपणापलीकडचे पराग

समुद्रकाठच्या लुम्बार्डा गावाच्या वाळूत ग्रक नावाचं पांढरं द्राक्ष होतं. ते ग्रीकांनी आणलं की तिथंच उगवलं, याचे वाद कुझ्मानं जन्मभर ऐकले होते. त्याला पक्कं ठाऊक होतं ते एवढंच, की या वेलीची फुलं नुसती मादी असतात. शेजारी काळं द्राक्ष फुललं नाही, तर ग्रकचे मणी मिऱ्याएवढे राहतात.

त्याच्या मळ्याला पराग मिळत ते धाकटा भाऊ येर्को याच्या काळ्या वेलींकडून. मग विहिरीच्या वादावरून दोघांचं बोलणं तुटलं आणि येर्कोनं मधे बोरूच्या काड्यांचं उंच कुंपण घातलं; पराग अडले. दोन हंगाम वाइनची पिंपं रिकामी राहिली. यंदाही तसंच झालं तर वेली उपटायच्या, असं कुझ्मानं बायकोला, लुक्रियाला सांगितलं होतं.

जूनमध्ये मात्र मणी भरले. कुझ्मा चक्रावला. वाऱ्यानं केलं म्हणावं, तर कुंपणाजवळच्या ओळी वांझच होत्या. भरल्या होत्या त्या घराकडच्या.

तेवढ्यात पलीकडून येर्कोचा आवाज आला. "माझ्या फुलोऱ्याच्या फांद्या तुझ्या वेलींवर झटकायला कापून नेल्यास ना? मागितल्या असत्यास तर जीभ झडली असती?"

"मी नाही."

"मग काय बोकड कात्री घेऊन आला होता?"

कुझ्मानं मागं पाहिलं. लुक्रिया अंगणात भाजी खुडत होती. मान वर करत नव्हती. फुलोऱ्याच्या दिवसांत तिच्या रुमालावर बारीक फुलं अडकलेली असत. तो ती ऑलिव्हची समजला होता.

"हो, मीच कापल्या," तो म्हणाला.

येर्को म्हणाला, "आंधळ्यासारख्या कापल्यास. पुढच्या वर्षी विचारून काप."

ही धमकी होती की बोलावणं, कुझ्माला कळेना. तो कुंपणाच्या कडेनं चालत गेला. टोकाला बोरू वाकवून एक वाट केलेली होती, एका बाईला वाकून जाता येईल एवढी. बोरूची टोकं सुतळीनं नीट बांधली होती, अंगाला लागू नयेत म्हणून. गाठी येर्कोच्या बाजूला होत्या.

मग त्यानं आरोप कशाला केला? भावाशी बोलायला निमित्त हवं होतं म्हणून?

घरी येऊन कुझ्मानं जपून ठेवलेली ग्रकच्या वाइनची शेवटची बाटली उघडली. राळेचा वास, थोडा मध, शेवटी जिभेवर मीठ आणि कडवटपणा. लुक्रियानं तीन पेले मांडले होते. तिसरा कुणाचा, हे त्यानं विचारलं नाही.