यादीतली खोटी खूण

रविवार, सकाळचे अकरा. हजर: मी, माझा सहकारी संजय आणि माझं पॅकेज वापरणाऱ्या मीनाताई. ठरलेली कामं आपोआप करणारं एक ओपन सोर्स टूल घरच्या सर्व्हरवर एका क्लिकमध्ये बसावं, म्हणून मी त्याचं पॅकेज बनवते. मीनाताईंचा भाऊ गावी एकटा राहतो; त्याला गोळ्यांची आठवण त्यातूनच जायची. त्यांनी माझी नवी आवृत्ती घेतली आणि त्यांनी लावलेल्या वेळांची सगळी मांडणी पुसली गेली. भावाच्या तीन दिवसांच्या गोळ्या चुकल्या.

मीनाताई ती मांडणी आठवून आठवून वहीत लिहीत होत्या. "माझंच बोट कुठेतरी पडलं असणार."

"ताई, तुमच्या बोटाला हल्ली सगळे घाबरतात," संजय म्हणाला. मीही हसले.

चूक माझी होती: नवी आवृत्ती बसताना जुनी माहिती जपायची जागा पॅकेजमध्ये नोंदवायला मी विसरले होते. माझ्या तपासणीच्या यादीत 'जुन्यावर नवं बसवून पाहणे' यापुढे मी खूण केली होती. पाहिलं होतं फक्त कोऱ्या सर्व्हरवर. याद्यांनी शिस्त लागते, असं मी सगळ्यांना सांगते. पण न केलेलं काम केल्यासारखं वाटायलाही त्याच शिकवतात.

पॅकेज दुपारीच दुरुस्त केलं. 'मीनाताईंना खरं सांगणे' यापुढची चौकट अजून रिकामी आहे.