उघड्यावर पेरलेलं बी

बाबा गेल्यावर आई लोह्याकडचं गाव सोडून नांदेडला माझ्याकडे राहायला आली. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मी रेल्वेच्या ऑफिसात, सकाळी गेले की संध्याकाळीच परत. आईचा सगळा जन्म शेतात गेलेला, आधी दुसऱ्यांच्या आणि मग आमच्या तुकड्यात. इथं ती दुपारभर गॅलरीत बसून खालचे ऑटो बघायची. खाली जाऊन बायकांत बस, असं मी सांगायचे. ओळख ना पाळख, काय बोलू, एवढंच तिचं उत्तर.

मैत्रिणींबरोबर हिमाचलला गेले होते, तेव्हा एका घराच्या पायऱ्यांवर कुंड्यांमध्ये फिकट जांभळ्या फुलांचे झुबके पाहिले होते. प्रिमरोज म्हणतात, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. येताना बाजारातून मी बियांचं पाकीट आणलं. हिवाळ्यात आपल्या गॅलरीतही असा रंग असावा, एवढीच हौस.

पाऊस ओसरल्यावर मी ट्रेमध्ये माती भरली आणि बी पेरलं. बी कसलं, तपकिरीची पूडच. पाकिटावर लिहिलं होतं की वर माती टाकायची नाही, या बियांना उजेड लागतो. मी तसंच ठेवलं. आई शेजारी उभी राहून बघत होती.

दोन-तीन आठवडे झाले तरी ट्रेमध्ये काहीच दिसेना. गरमीनं बी मेलं असेल, असं मला वाटलं. नर्सरीवाल्यानं तर आपल्या हवेत हे होणारच नाही म्हणून सांगितलं होतं. एका रविवारी मी ट्रे रिकामा करायला घेतला, तर वर बोटभर मातीचा थर. मी तर माती टाकलीच नव्हती. आईकडे पाहिलं.

"मीच टाकली," आई म्हणाली. "उघडं बी बघवंना मला. पाखरं खातील, उन्हानं करपंल. बी झाकल्याबिगर कसं ठिवावं?"

मी रागावले नाही, पण हसले. ते हसणं तिला लागलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती गॅलरीत फिरकली नाही. भाकऱ्या करायची, टीव्ही लावायची, मी विचारलं तेवढंच बोलायची. मग मलाच वाईट वाटू लागलं. जन्मभर जिनं पेरलं, तिच्या हातून या घरात आल्यापासून मी मातीचं एकही काम घेतलं नव्हतं, आणि तिनं आपणहून केलं त्याला हसले.

पाकिटात थोडं बी शिल्लक होतं. दिवाळीच्या आधी मी ते तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आई, आता तूच पेर. मला ऑफिसातून आल्यावर लक्ष देणं होत नाही."

तिनं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "माती न्हाई टाकायची ना?"

"नाही."

"बरं."

तिनं ट्रे ठेवला माठाशेजारी, खिडकीच्या उजेडात. तिथं भिंत सदा गार. ओलं फडकं अंथरून त्यावर ट्रे ठेवायची, वरून प्लॅस्टिक. दिवाळीनंतर थंडी पडू लागली आणि एके सकाळी तिनं मला दात घासताना बोलावलं. मोहरीपेक्षाही लहान हिरवे ठिपके आले होते. बरेचसे पुढं गळाले, चार रोपं तगली.

रोपांना कुजलेला पाला हवा म्हणून ती पहिल्यांदा आपणहून खाली उतरली. कडुनिंबाखाली पाला गोळा करताना तळमजल्यावरच्या एका बाईंनी विचारलं, कशाला हवाय? तेवढ्यावरून ओळख झाली. त्या बाई मुखेडच्या, आमच्याच भागातल्या निघाल्या. मग रोज संध्याकाळी कधी आई खाली, कधी त्या वर.

फेब्रुवारी संपता संपता तीन रोपांना फुलं आली. बायका बघायला यायच्या. आई मला बोलावून त्यांना नाव सांगायला लावायची, स्वतः मात्र ‘थंडीचं फूल’च म्हणायची. एक कुंडी तिनं तळमजल्यावर देऊन टाकली.

मार्चच्या उन्हानं पानं पिवळी पडली. कुंड्या सावलीत हलवल्या, पाणी वाढवलं, काही चाललं नाही. मी हळहळत होते. आई म्हणाली, "एवढ्याच दिवसांचं हाय ते. माणसं आली, बघून गेली. अजून काय पाहिजे?"

त्या रविवारी मी कुंड्या धुऊन पालथ्या घातल्या. आई घरात नव्हती. खालून, झाडाजवळच्या बाकावरून, तिचा आवाज येत होता. गावाकडच्या विहिरीची कुठलीशी हकीकत ती सांगत होती, आणि तळमजल्यावरच्या बाई मधेमधे हसत होत्या.