चटणीत काय काय घातलंय

शमशादभाभीला मी तोंडावर मूर्ख म्हणालो होतो. अजूनही म्हणतो, फक्त आता पाठोपाठ माझंही नाव घेतो.

कोल्हापुरात माझं पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे आणि समोरच्या बोळात तिचा मिरची कांडायचा डंक. उन्हाळ्यात अर्धी पेठ तिच्याकडं चटणी कुटायला येते. नवरा गेल्यावर याच डंकावर तिनं एकुलती लेक वाढवली, शिकवली आणि कुरुंदवाडच्या अरबाजला दिली. स्वतःच्या चटणीत ती काय घालते, हे मात्र तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोनं दहा वर्षं विचारून पाहिलं. "ताई, तुमी खायाचं काम करा की," एवढंच उत्तर.

लेक मुबशिरा नवऱ्यापाशी आखातात होती. पहिलं बाळंतपण आलं, आणि अम्मी हवी म्हणून ती फोनवर रडायला लागली. भाभीचा पासपोर्ट मीच काढून दिला. पोलीस पडताळणीला आले तेव्हा अख्खा बोळ साक्षीला उभा राहिला. तिकीट आलं त्या दिवशी मी तिला समोर बसवून नियम वाचून दाखवले. औषधांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी ठेवा. दुसऱ्याची पिशवी घेऊ नका. आणि खसखस मुळीच नेऊ नका, तिकडं ती अफूत धरतात.

तिनं पिशवीतनं खसखशीची पुडी काढली. "डिंकाच्या लाडवात घालाय घेतलीती. ऱ्हाऊ दे, तुमच्याकडं ठेवा."

पुडी आमच्या अनारशांना लागली. चटणी नेताय का, तिच्यात काय आहे, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माणसं मला त्याचेच पैसे देतात. तिच्या तर मनातही आलं नाही. भाजून, वाटून, डंकाखालून काढल्यावर खसखस कुठली राहते, ती चटणी होते. डंकावरची कुठलीही बाई हेच सांगेल.

तिकडच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं बरणी उघडून वास घेतला. दुभाष्यानं हिंदीत विचारलं, यात काय काय घातलंय? भाभीला वाटलं, साहेबाला चटणी आवडली. विमानात बसल्यापासून तिच्याशी कुणी दोन शब्द बोललं नव्हतं. तिनं मोठ्या तोऱ्यात बोटांवर मोजत सगळं सांगितलं. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, खसखस. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग विचारलं, कुणासाठी? "माझ्या लेकीसाठी." लेकीचं नाव, फोन, घरचा पत्ता, सगळं तिनं दिलं. लेकीला बोलावतील आणि ती येऊन गळ्यात पडेल, या आशेवर ती बाकड्यावर बसली.

लेकीला आणलं, पण पोलिसांच्या गाडीतनं, नवव्या महिन्यात. आईनं याआधी कितीदा माल पाठवला, तुम्ही तो कुणाला देता, हेच दोन दिवस विचारत होते. चौकशीच्या खोलीतच तिला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात मुलगी झाली, तेव्हा दाराशी शिपाई होता.

भाभीला नऊ आठवडे डांबून परत धाडलं. त्या देशात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असा शिक्का मारला. ती थेट माझ्या दुकानात आली.

"तात्या, ह्यो शिक्का पुसाय काय कराय लागतंय?"

तेव्हाच मी तिला मूर्ख म्हणालो. भीतीनं म्हणालो. तिकडच्या पोलिसांपुढं तिनं माझंच नाव घेतलं असतं तर काय, या भीतीनं.

पुढं अरबाजची नोकरी गेली आणि तिघं कुरुंदवाडला परत आली. शिक्क्याचा प्रश्नच उरला नाही. भाभी नातीसाठी दोन फ्रॉक घेऊन एसटीनं गेली. मुबशिरानं तिला दारातच थांबवलं. हातातली पिशवी घेऊन उंबऱ्यावर उपडी केली, फ्रॉकच्या घड्या झटकल्या, वास घेऊन पाहिला. मग आत घेतलं.

नात पाळण्यात होती. "अम्मी, लांबनंच बघ," लेक म्हणाली. "हात लावू नगंस."

भाभीनं चहा घेतला, अर्धा तास पाळण्याकडं बघत बसली आणि साडेचारच्या एसटीनं परतली. मला हे सांगताना ती रागावलेली नव्हती, याचाच मला राग आला.

"बरोबरच हाय की तिचं," ती म्हणाली. "चटणीचा हात हाय माझा. पोरीच्या डोळ्याला लागला असता."