विहिरीवरची मुलगी

ऐंशीच्या दशकातल्या, कुणालाच न आठवणाऱ्या सिनेमांचे ट्रेलर शोधून बघायचा मला नाद आहे. 'लवकरच येत आहे' म्हणत ते संपतात, आणि त्यातले कितीतरी सिनेमे कधी आलेलेच नसतात. मला त्यांची फार माया वाटते.

काल दुपारी असाच एक सापडला. नायक उतारावरून धावत येतो, मागे विहिरीवर बायका पाणी शेंदताहेत. शेजारी लसूण सोलत बसलेली आई एकदम म्हणाली, "अगं थांबव, ही आमच्या गावची विहीर!"

त्या बायकांमधली परकर-पोलक्यातली एक मुलगी सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती.

"बघू नका म्हणून बजावलं होतं गं त्यांनी," आई हळूच म्हणाली. "मी बघितलंच. मग दर जत्रेला तंबूत वाट बघायचो, पण तो सिनेमा काही लागला नाही. मला आपलं वाटायचं, माझ्यामुळेच अडला."

इतकी वर्षं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"आई, उलट तुझाच तुकडा निवडून ट्रेलरमध्ये घातलाय त्यांनी," मी म्हटलं.

लसणाचे हात पदराला पुसून तिने फोन स्वतःकडे घेतला. मग आई आणि ती मुलगी, दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.